एका वाक्यात बुडालेलं राज्य

१ जानेवारी १८८६ रोजी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन याच्या सहीनं एक जाहीरनामा निघाला. त्यात वाक्य एकच होतं. इंग्रजीत मोजलं तर साठाच्या आत शब्द, आणि तेवढ्यात ब्रह्मदेशातलं मंडालेचं राज्य आटोपलं. मराठीत त्याचा आशय साधारण असा होईल: सम्राज्ञी राणीसाहेबांच्या हुकुमावरून याद्वारे कळवण्यात येते की, पूर्वी राजा थिबाकडून ज्यांचा कारभार चालवला जात होता ते प्रदेश यापुढे त्याच्या सत्तेखाली राहणार नाहीत, तर ते राणीसाहेबांच्या राज्याचा भाग झाले आहेत, आणि राणीसाहेबांची मर्जी असेतोवर, हिंदुस्थानचे व्हाइसरॉय व गव्हर्नर जनरल वेळोवेळी नेमतील अशा अधिकाऱ्यांकडून त्यांचा कारभार चालवला जाईल.

रसग्रहण कवितेचं करतात, सरकारी कागदाचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण हे वाक्य ज्यानं कुणी रचलं त्याला भाषेची पक्की जाण होती. कवितेतला शब्द जागचा हलवला तर कविता मोडते. इथला हलवला तर सरकार उघडं पडतं. इंग्रजी व्याकरणातले ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस समजून घ्यायला याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही. आणि रत्नागिरीकरांच्या तर तो दाराशीच आहे.

मांडवीच्या जेटीवर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला रत्नदुर्गाचं, म्हणजे आमच्या भगवती किल्ल्याचं टोक पाण्यात घुसलेलं दिसतं. डाव्या हाताला भाट्याच्या खाडीचं तोंड. खाडीच्या आतल्या अंगाला, उंचावर, थिबा राजाचा राजवाडा. पायाखालची वाळू काळी. संध्याकाळी या जेटीला 'गेटवे ऑफ रत्नागिरी' म्हणत फोटो काढणारी मंडळी येतात, भेळेच्या गाड्यांवर गर्दी होते. बोटींच्या जमान्यात मुंबईची बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला लागायची. थिबा, राणी सुपयालत आणि त्यांच्या लहान मुली एप्रिल १८८६ मध्ये मद्रासहून अशाच समुद्रवाटेनं रत्नागिरीला आले. 'आले' हे क्रियापद तूर्त चालवून घ्या. त्याचा हिशेब पुढं करायचा आहे. राजाचं राज्य तोवर चार महिन्यांमागं पडलं होतं. त्याची जन्मतारीख १ जानेवारी १८५९ अशी दिली जाते. ती खरी असेल तर जाहीरनामा निघाला तो त्याचा सत्ताविसावा वाढदिवस. त्यानंतरची तीस वर्षं त्यानं या गावात काढली. राजवाडा पुरा व्हायला १९१० साल उजाडलं, आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथंच वारला.

आता व्याकरण. शाळेत पॅसिव्ह व्हॉइस शिकवतात तो असा: कर्म पुढं आणा, क्रियापदाचा थर्ड फॉर्म करा, काळ बघून 'इज', 'वॉज' किंवा 'हॅज बीन' लावा, आणि कर्त्याला 'बाय' चिकटवून शेवटी ढकला. 'राम ईट्स अ मँगो' या एका वाक्यावर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या पास झाल्या. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकलेले आजोबा असोत की क्लासला जाणारा नातू, आंबा रामाकडून खाल्ला जातोच आहे. हापूसच्या हंगामात रत्नागिरीत असं वाक्य कुणी खरोखर बोललं तर त्याला आधी सावलीत बसवतील. पण परीक्षेत त्याला पुरे मार्क मिळतात. ज्यासाठी भाषेनं ही सोय करून ठेवली तो प्रश्न मात्र वर्गात निघत नाही. आंबा पुढं का आणायचा? रामाला मागं का सारायचं? 'बाय राम' गाळलंच तर काय होतं? पुस्तकं एवढंच सांगतात की कर्ता माहीत नसेल किंवा उघड असेल तर 'बाय' गाळावा. एक तिसरं कारण त्यांच्याकडून राहून जातं: कर्ता पक्का माहीत असतो, आणि सांगायचा नसतो.

डफरिनच्या वाक्याला मी परीक्षेतलाच प्रश्न घालून पाहिला: चेंज द व्हॉइस. पॅसिव्ह असेल तिथं ॲक्टिव्ह करा.

पहिला शब्दच 'बाय' आहे. बाय कमांड ऑफ द क्वीन-एम्प्रेस. वाटतं, चला, कर्ता आधीच हजर झाला. पण हा 'बाय' हुकुमाला लागलेला आहे, राणीला नाही. राणीनं हुकूम दिला असं वाक्य म्हणत नाही. हुकूम आहे, आणि तो राणीचा आहे, एवढंच म्हणतं. लगेच पुढं 'इट इज हिअरबाय नोटिफाइड'. कळवण्यात येते. कोण कळवतं? 'इट'. हा 'इट' कोणी नव्हे. इंग्रजी वाक्याला कर्त्याच्या जागी काहीतरी ठेवावंच लागतं, म्हणून ठेवलेला. खाली सही डफरिनची आहे, तेव्हा ॲक्टिव्ह करणं अवघड नाही: मी, डफरिन, कळवतो. एवढ्यानंच वाक्याचा रुबाब निम्मा उतरतो. 'मी कळवतो' म्हणणाऱ्या माणसाशी हुज्जत घालता येते, 'कळवण्यात येते' याच्याशी येत नाही.

मराठी वाचकाला हा सूर नवा नाही. जुन्या फलकांवर मनाईचा मजकूर संपला की खाली एकटाच शब्द असे, 'हुकुमावरून'. कुणाच्या, ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. डफरिननं निदान मालकिणीची पदवी तरी दिली होती. आजही मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ असते, आणि तिला राज्यघटनेच्या १६६ व्या कलमाचा आधार आहे. वर मजकुरात 'मान्यता देण्यात येत आहे', 'समिती गठीत करण्यात आली आहे'. यात दरवेळी लबाडी असते असं मुळीच नाही. नोकर बदलतो, खातं राहतं. निर्णय माणसाचा नसून पदाचा आहे हे सांगायला कर्मणी रचनेइतकी सोयीची रचना दुसरी नाही. मला स्वतःला 'करण्यात येत आहे'चा कंटाळा येतो, पण तो कानाचा कंटाळा आहे. रचनेचा गुन्हा नव्हे.

जाहीरनाम्याचा पुढचा तुकडा पाहा. 'टेरिटरीज फॉर्मर्ली गव्हर्न्ड बाय किंग थीबॉ'. इथं 'बाय' खरोखर कर्त्याला लागला आहे, आणि आख्ख्या वाक्यात ज्याचं नाव घेऊन त्याला कर्ता म्हटलंय असा माणूस हा एकटाच: राजा थिबा. राणीचं नाव नाही, पदवी आहे. व्हाइसरॉयचंही नाव नाही, हुद्दा आहे. नाव फक्त हरलेल्याचं. तेही कुठं? 'फॉर्मर्ली'च्या पाठीमागं, विशेषणाच्या पोटात. 'थिबा राज्य करत होता' हे स्वतंत्र विधान करायचीही तसदी घेतलेली नाही. प्रदेशांचं वर्णन करता करता ओघात त्याचं नाव येऊन गेलं, इतकंच. कोन्बाउंग घराणं १७५२ पासून गादीवर होतं. वाक्यातून वाटावं की थिबा नावाच्या कुणा इसमाकडं काही प्रदेश काही काळ सोपवले होते. 'किंगडम' हा शब्द वाक्यात नाही. किंग आहे, पण त्याच्याकडं होते ते नुसते टेरिटरीज.

ही जागा इंग्रजांनी आधीही एकदा वापरलेली आहे, हे लक्षात आलं तेव्हा मला त्या मसुदाकाराचं कौतुकच वाटलं. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा घ्या, लॉर्ड कॅनिंगनं अलाहाबादला वाचून दाखवला तो. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातल्या मुलखाला असंच शेपूट लावलेलं आहे: आजवर कंपनीकडून आमच्या वतीनं ज्याचा कारभार चालवला जात होता असा मुलूख. म्हणजे ज्याला उठवायचं त्याला 'बाय' लावून भूतकाळाच्या विशेषणात बसवायचं, ही रीत जुनीच. फरक पुढं आहे. १८५८ मध्ये राणी 'आम्ही' म्हणून बोलते. आम्ही निश्चय केला आहे, हा कारभार आम्ही स्वतःकडे घेत आहोत. स्वच्छ ॲक्टिव्ह, कर्ता छाती काढून उभा. आपल्याच कंपनीकडून घेताना 'घेतलं' म्हणायला लाज कसली? थिबाकडून घेताना मात्र 'आम्ही' गेलं, आणि घेण्याचं क्रियापदही गेलं.

त्याच्या जागी आलं ते वाक्याचं मर्मस्थान: 'हॅव बिकम'. प्रदेश राणीच्या राज्याचा भाग झाले आहेत.

परीक्षेतला हुशार मुलगा इथं थांबेल आणि लिहील: हे क्रियापद अकर्मक आहे, याचा व्हॉइस बदलत नाही. त्याला पूर्ण मार्क द्यावे लागतील. आणि बरोबर तिथंच राज्य गेलेलं आहे. आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येक पॅसिव्ह क्रियापदाला आपण 'कुणी?' असं विचारू शकतो. नोटिफाइड, कुणी? गव्हर्न्ड, कुणी? ॲडमिनिस्टर्ड, कुणी? उत्तर मिळो न मिळो, प्रश्नाला जागा आहे. 'झाले'ला 'कुणी' विचारताच येत नाही. आपणहून झाले. व्याकरणाच्या दृष्टीनं इथं कर्ता खुद्द प्रदेशच आहेत, वाक्य कर्तरी आहे, ॲक्टिव्ह आहे. इरावतीचं खोरं जणू एका रात्रीत उठलं आणि व्हिक्टोरियाच्या राज्यात जाऊन बसलं.

घरात लहान मूल असेल तर हे समजावून सांगायची गरज नाही. हातातून कप पडला की ते 'कप माझ्याकडून फोडला गेला' असं म्हणत नाही. 'कप फुटला' म्हणतं. फोडणं-फुटणं, तोडणं-तुटणं, पाडणं-पडणं, बुडवणं-बुडणं अशा जोड्यांचा मराठीत सुकाळ आहे, आणि करणाऱ्याला पळायला त्यातला दुसरा शब्द पुरतो. त्यासाठी कर्मणीच्या वाटेला जावं लागत नाही. इतिहासही आपण असाच सांगत आलो: पेशवाई बुडाली, सातारचं राज्य खालसा झालं. सातारा १८४८ मध्ये डलहौसीनं खालसा केलं, हे परीक्षेपुरतं लक्षात असतं; बोलताना ते होतं. डफरिनचा डाव मराठी माणसाला चटकन कळायला हवा तो यामुळं.

जॉर्ज ऑर्वेलची आठवण इथं टाळता येत नाही. १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षं तो ब्रह्मदेशातच इंग्रजांच्या पोलिसांत होता, त्यातला काही काळ याच वाक्यानं इंग्रजांचा ठरलेल्या मुलखात. पुढं १९४६ मध्ये राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरच्या प्रसिद्ध निबंधात त्यानं लेखकांना नियम घालून दिला की ॲक्टिव्ह वापरता येत असेल तिथं पॅसिव्ह कधीही वापरू नये. तेव्हापासून इंग्रजीत चांगलं लिहायला शिकवणारा प्रत्येक जण पॅसिव्हच्या मागं काठी घेऊन लागला आहे. आज संगणकसुद्धा त्याखाली रेघ ओढतो. भाषाभ्यासकांनी गंमत दाखवून दिली ती अशी, की ऑर्वेलच्या त्याच निबंधात पॅसिव्ह रचना नेहमीच्या गद्याहून जास्त आहेत. त्यानं हा जाहीरनामा समोर ठेवून नियम लिहिला असता तर? पॅसिव्ह झाडून काढले तरी 'हॅव बिकम' जागच्या जागी राहतं. गुन्हा ॲक्टिव्हमध्ये आहे. उलट त्या जागी पॅसिव्ह असता, 'हॅव बीन ॲनेक्स्ड', तर वाक्य जास्त प्रामाणिक झालं असतं. जोडून घेण्यात आले. कुणी, असं विचारायला फट राहिली असती.

ज्या क्रियापदांना या वाक्यात जागा मिळाली नाही ती बाहेर आहेत आणि बरीच आहेत. ब्रह्मदेशात सागवान तोडणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईची कंपनी. तोडलेले ओंडके कमी दाखवले म्हणून मंडालेच्या दरबारानं तिला जबर दंड ठोठावला. दरबार फ्रेंचांशी सलगी करतोय अशी इंग्रजांना धास्ती. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला. १४ नोव्हेंबरच्या सुमारास जनरल प्रेन्डरगास्टची फौज आगबोटींतून इरावती नदी चढू लागली, आणि पंधरवडा भरायच्या आत मंडाले पडलं. २९ नोव्हेंबरला राजाराणीला राजवाड्यातून बाहेर काढून नदीवर उभ्या असलेल्या बोटीवर चढवलं. दंड ठोठावणं, धमकावणं, चाल करून जाणं, पकडणं, काढणं, चढवणं. ही सगळी सकर्मक क्रियापदं नोव्हेंबरमधली. जाहीरनामा जानेवारीतला. त्याच्यात काळ तरी कुठले आहेत? 'राहणार नाहीत' हा भविष्यकाळ, 'झाले आहेत' हा पूर्ण वर्तमान, 'चालवला जाईल' हा पुन्हा भविष्यकाळ. साधा भूतकाळ, काल अमुक घडलं असं म्हणणारा, एकदाही नाही. युद्ध व्हायला या वाक्यात काळच शिल्लक ठेवलेला नाही.

शिवाय 'झाले आहेत' हे त्या दिवशी खोटंही होतं. गावोगावचे सरदार, सैन्यातून बाहेर पडलेले शिपाई, काही ठिकाणी भिक्खूसुद्धा इंग्रजांशी पुढची चार-पाच वर्षं झुंजत राहिले, आणि त्यांना मोडायला हजारोंनी फौज आणि लष्करी पोलीस लागले. व्याकरणात पूर्ण वर्तमान काळ उरकलेल्या कामासाठी असतो. हे काम सुरू होत होतं.

वाक्याचं शेपूटही बघण्यासारखं आहे. कारभार चालवला जाईल, अधिकाऱ्यांकडून. कुठल्या अधिकाऱ्यांकडून, तर व्हाइसरॉय वेळोवेळी नेमील त्या. त्या आधी 'ड्युरिंग हर मॅजेस्टीज प्लेझर', म्हणजे राणीची मर्जी असेतोवर. कायद्याची ही ठराविक शब्दकळा आहे, त्यात वेगळा तोरा नाही. पण तीन कोटी मैलांवरून बोलल्यासारखा तो मर्जीचा उल्लेख वाचून मला प्रत्येक वेळी हसू येतं. आणि मग अगदी शेवटचा शब्द: 'अपॉइंट'. नेमतील. सगळी क्रियापदं ओळीनं लावून पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. या वाक्यात ॲक्टिव्ह आणि सकर्मक, ज्यात कर्ता उघडपणे कशावर तरी काहीतरी करतो, असं क्रियापद हे एकच आहे. लढाई नाही, जिंकणं नाही, घेणं नाही. नेमणुका! कर्ता व्हाइसरॉय, म्हणजे सही करणारा स्वतःच, पण 'मी' न म्हणता दुसऱ्याच कुणाविषयी बोलावं तसा. राज्य गेलं त्याला कर्ता नाही, आणि कारकून कोण नेमणार याला आहे.

आता रत्नागिरी काय म्हणते ते पाहू. पर्यटकांसाठीच्या मजकुरात 'ब्रह्मदेशाच्या राजाचे येथे वास्तव्य होते' असं छापील मराठी आढळतं. वास्तव्य! जणू हवापालट. पण गावातली माणसं बोलताना असं बोलत नाहीत. ती म्हणतात, थिबाला इथं आणून ठेवलं. कुणी, ते सांगत नाहीत, कारण सांगायची गरज नसते. मराठी व्याकरणात हा भावे प्रयोग. थिबाला आणलं, राणीला आणलं, मुलींना आणलं. कर्म पुल्लिंगी असो, स्त्रीलिंगी असो, एक असो की चार, 'आणलं' हललं नाही. कर्त्याच्या लिंगवचनाशी त्याचं देणंघेणं नाही, कर्माच्याही नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा इथंच गोंधळ उडतो. त्यांना सांगितलेलं असतं की पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. मग 'रामानं आंबा खाल्ला' हे मराठीत कर्मणी आणि इंग्रजीत ॲक्टिव्ह कसं? तर मराठीत क्रियापद कुणाच्या मागून चालतं यावरून प्रयोग ठरतो: आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, लोणचं खाल्लं. इंग्रजीत वाक्याच्या पहिल्या जागी कुणाला बसवलं यावरून. दोन्ही भाषांची मोजमापं वेगळी. या प्रयोगांची सविस्तर छाननी मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त केली. ते केशवसुतांचे धाकटे भाऊ, आणि केशवसुतांचं मालगुंड मांडवीहून किनाऱ्यानं उत्तरेला गेलं की लागतं. इंग्रजीच्या धर्तीवर आलेल्या 'मारला गेला' छापाच्या रचनेला आपली शालेय व्याकरणं 'नवीन कर्मणी' म्हणतात. नवीनपण अजून जिरलेलं नाही, म्हणून तर आंबा रामाकडून खाल्ला जाताना ऐकू आला की हसू येतं.

भावे प्रयोगातला कर्ता गळाला तरी त्याचा माग राहतो, हे या 'आणून ठेवलं'मध्ये दिसतं. आणणं सकर्मक आहे. आणणारा असल्याशिवाय ते होत नाही. म्हणून वर मी लिहिलेलं 'आले' तिथून काढून त्या जागी 'आणले गेले' नव्हे, सरळ 'आणलं' घालायला हवं. बाकी मांडवीला बोटीचं येणंजाणं होतं तेव्हा इथल्या मराठीत करणारा बहुधा माणूस नसायचाच. बोट बंदराला लागली, आणि मला बोट लागली. दोन्हीकडं कर्ता बोट, आपण नुसते पडावात ओकत बसलेले. आता जेटीच्या टोकापर्यंत चालवत नाही, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्या वाक्यातही तो स्वतः कर्त्याच्या थाटात नसतो. यात कुणी कुणापासून काही लपवत नाही. न करता जे होतं, त्याला भाषेनं दिलेली ही जागा आहे. राज्यकर्त्यांनी ती नेमकी ओळखली आणि केलेल्या गोष्टी तिथं नेऊन ठेवल्या.

उलट दिशेनं झालेला प्रवास सर्वांना पाठ आहे: रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती त्यांनी थिबाच्या मंडालेला भोगली. त्या योगायोगावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मला त्यात भर घालायची नाही. पण शिक्षेआधी २२ जुलैच्या रात्री न्यायालयात ते जे चार शब्द बोलले, आणि जे आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत, ते डफरिनच्या वाक्याशेजारी ठेवून जरूर वाचावेत. ज्यूरी काही ठरवो, मी निर्दोष आहे असंच माझं म्हणणं आहे, हा त्यांचा आरंभ. 'इट' नाही. 'मी' आहे. शेवट असा की माझ्या मोकळं राहण्यापेक्षा माझ्या सोसण्यानंच माझं कार्य कदाचित अधिक भरभराटेल. सोसणं हे क्रियापद मोठं चमत्कारिक आहे. रूपानं कर्तरी, अर्थानं मात्र त्यातला कर्ता काही करत नाही. दुसरे करतात ते त्याच्यावर होतं. 'हॅव बिकम'मध्ये करणारा नाहीसा होतो. इथं ज्याच्यावर केलं जातंय तो स्वतः उठून कर्त्याच्या जागी येतो, आणि शिक्षा देणाऱ्यांना वाक्यात शिरायला वाव देत नाही. व्याकरणाची वाट तीच, चालणारा दुसरा.

डफरिनचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. १८८८ मध्ये व्हाइसरॉयपद सोडून तो मायदेशी निघाला तेव्हा त्याला अर्लचा मार्क्विस केलं. सरदारकीत अशी बढती मिळाली की नव्या किताबात गाव घालायचा रिवाज. डफरिनच्या किताबात गाव आलं ते आयर्लंडमधलं नव्हे, इरावतीकाठचं: आवा, ब्रह्मी राजांची जुनी राजधानी. थोरल्या मुलाला त्यावरून अर्ल ऑफ आवा म्हणू लागले. तोवर रत्नागिरीत थिबाची चौथी मुलगी वर्षाची होऊन गेली होती. तिचा जन्म इथलाच. डफरिनचा स्वतःचा किताब कागदोपत्री असा लिहिला जाई: मार्क्विस ऑफ डफरिन अँड आवा. यात क्रियापद नाही. कर्ता आणि कर्म तेवढे शेजारी शेजारी आहेत.